२४ हजारांचा टॉवेल स्टँड

माझ्या बाल्कनीत एक टॉवेल स्टँड होता. २१ गेअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, पुढे जाडजूड सस्पेन्शन आणि काळ्या फ्रेमवर पोपटी ज्वाळा. किंमत २४ हजार रुपये, १२ सुलभ हप्त्यांत. कर्वेनगर ते शिवाजीनगर, साधारण सात किलोमीटर, हा टॉवेल स्टँड मी एकूण २३ दिवस चालवला. चोविसाव्या दिवशी गुडघा दुखला, पंचविसाव्या दिवशी पाऊस आला, आणि पुढचं तुम्हाला माहितीच आहे. तुमच्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशा दोन-चार जणी धूळ खात उभ्या असतील. एखादी तुमचीच असेल. लाजू नका, आपण एकाच बोटीत आहोत.

२०२५च्या दिवाळीत माझ्या स्कूटरने मान टाकली. गॅरेजवाल्याने वहीत बघत १४ हजारांचा आकडा सांगितला. फ्रीलान्सरच्या आयुष्यात 'चेक निघालाय' आणि 'चेक आलाय' या दोन वाक्यांमध्ये दोन महिने जातात, त्यामुळे १४ हजार म्हणजे चेष्टा नव्हती. पुन्हा सायकल, एवढं नक्की झालं. पण कोणती? आणि तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात ती भन्नाट आयडिया आली. मामाची ॲटलस! काळी, सळईच्या ब्रेकवाली, मोठ्या सीटवाली. फुकटात मिळणार, थोडं ओव्हरहॉलिंग केलं की झालं. शिवाय दिसायला काय रेट्रो! फोटो तर जाम भारी येणार. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "सॉलिड. मला पण एक बघ."

म्हणून मी धामणगाव बढेला गेले.

धामणगाव म्हटलं की लोकांना आधी धामणगाव रेल्वे आठवतं. ते तिकडे अमरावती जिल्ह्यात. हे बढे, बुलडाणा जिल्हा, तालुका मोताळा. पुण्याहून रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची, भुसावळ गेलं की सामान आवरायला घ्यायचं आणि सकाळी मलकापूरला उतरायचं. तिथून पुढे एसटी, मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्ध्या तिकिटात. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांची निळसर रांग, उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्याकडे पसरलेली सपाटी आणि दोन्हींच्या मधे डोळे निवतील अशी काळी जमीन. नोव्हेंबर असल्यामुळे वेचणी जोरात होती. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरी बोंडं लागल्यासारखी दिसत होती. त्या बाभळींकडे मी फक्त सुंदर म्हणून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे बघण्याची नजर बदलली, ते पुढे येईलच.

मामीने भरीत-भाकरी वाढली. जेवण झाल्यावर मी विषय काढला. मामा हसला आणि मला मागच्या छपरीत घेऊन गेला.

ॲटलस तिथे होती. पण माझ्या मनात होती तशी भिंतीला टेकून, धुळीने माखलेली, कुणीतरी येऊन आपल्याला वाचवेल अशी वाट पाहणारी वगैरे अजिबात नव्हती. कॅरिअरवर कडब्याची पेंढी बांधलेली. हॅन्डलला विळा अडकवलेला. चेन तेलात न्हालेली. वयाच्या बहात्तरीत मामा तिच्यावर बसत नाही, पण शेतातून ओझं आणायला ती रोज लागते. तो चालतो, ती शेजारून ओझं घेऊन येते.

"तिले काम हाये," मामा म्हणाला. विषय संपला होता, हे मला जरा उशिरा कळलं.

ही सायकल मामाने १९७६ साली घेतली, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून लागला तेव्हा. जवळजवळ महिन्याचा पगार गेला, आणि तोही एकदम नव्हता म्हणून हप्त्यांवर. (म्हणजे ईएमआयचा फंडा आमच्या घराण्यात जुनाच.) शाळा शेजारच्या गावात, नऊ किलोमीटरवर. एसटी होती, पण ती पोचायची प्रार्थना संपल्यावर. मास्तरच प्रार्थनेला नाही म्हटल्यावर कसं चालेल? २००१ साली सेकंडहँड एम-८० येईपर्यंत मामाने ही वारी केली. मी मोबाइलवर हिशोब मांडला. रोजचे १८ किलोमीटर, वर्षाचे धरा २२० दिवस, गुणिले २५ वर्षं. ९९ हजार किलोमीटर. पृथ्वीला विषुववृत्तावरून अडीच फेऱ्या मारण्याइतकं अंतर. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "पन गेलो कुठं? शाळेतच."

मग मी त्याला बोलतं केलं. पँटला खाली स्टीलच्या क्लिपा, नाही तर पायचा चेनमध्ये जातो. कॅरिअरवर डबा, वह्या आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकचा कागद. सीटखालच्या कातडी पिशवीत पाना, सोल्यूशनची ट्यूब, रबराचे तुकडे. दांडीला पंप. आणि एक बोटभर जाडीची चपटी काडी. ही कशाला? तर काळ्या मातीचा चिखल टायर आणि मडगार्डच्या मधे असा काही बसतो की चाक फिरायचंच थांबतं. दर शंभर पावलांवर उतरून काडीने तो खरवडायचा. शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा. तिथे काडीही हरायची, मग सायकल खांद्यावर. "अर्धी वाट मी तिच्यावर, अर्धी वाट ते मायावर," मामा म्हणाला. उन्हाळ्यात चिखल नाही, पण बाभळीचे काटे. वाऱ्याने रस्त्यावर येतात, टायरच्या आरपार जातात. आलं ना लक्षात? सुंदर बाभळी!

मी दहा वर्षांची असताना, २००७च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, याच ॲटलसवर सायकल शिकले. आधी लंगडी, मग दांडीखालून पाय घालून हाफ पायडल. गुडघे फोडून घेत आठवडाभरात गावाबाहेरच्या वळणापर्यंत पोचले होते. दांडीवरून पाय टाकून सीटवर बसणं मात्र तेव्हाही जमलं नाही आणि आत्ताही जमलं नाही. आत्ता म्हणजे खरोखर, छपरीत, मामा-मामीसमोर. माझी उंची पाच फूट एक इंच. ही सायकल २४ इंची. इथे एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली, जी २४ हजार मोजताना कुणी सांगितली नव्हती. जुन्या काळ्या सायकलींत २२ आणि २४ हा आकडा चाकाचा नसतो, फ्रेमच्या उभ्या नळीचा असतो. चाकं दोन्हींची २८ इंचीच. उलट मी घेतलेल्या गेअरवाल्या सायकलवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा चाकाचा होता, फ्रेमचा नव्हता. मला वाटलं होतं, साइज विचारून झाली.

दुसऱ्या दिवशी मामा मला स्टँडजवळच्या एका सायकल दुकानात घेऊन गेला. दुकान म्हणजे एक टपरी, पुढे पाण्याचं घमेलं, वर टांगलेले टायर. दुकानवाले काका मामाच्या वयाचे. एकेकाळी त्यांच्याकडे तासावर भाड्याने द्यायच्या वीस सायकली होत्या. आता बहुतेक पंक्चरं मोटरसायकलींची, आणि जून महिन्यात शाळेच्या मुलामुलींच्या सायकलींची गर्दी. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. मुलींच्या सायकलींचं काम तर वाढतंच आहे, असं काका म्हणाले.

मी त्यांना मोबाइलमध्ये माझ्या टॉवेल स्टँडचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, फोटो मोठा करून पाहिला.

"काहून घेतली वं माय हे?"

मी गेअर, सस्पेन्शन वगैरे सांगायला लागले.

"तुले हापिसात जा लागते का राजूर घाटात शर्यत लावाची हाये?"

राजूर घाट मोताळ्याहून बुलडाण्याला जाताना लागतो. मामा फिसकन हसला. मी पण. पण मग काकांनी पुढच्या अर्ध्या तासात जे सांगितलं, ते मी तिथेच वहीत उतरवून घेतलं. मास कॉमचं शिक्षण एकदाचं कामी आलं.

त्यांनी आधी फोटोतल्या सीटकडे बोट दाखवलं. सीट पार खाली, फ्रेमला टेकलेली. माझ्या आठवणीत ती दुपार लख्ख उभी राहिली. दुकानात माझ्या मापाची फ्रेम नव्हती, सेल्समनने सीट खाली केली आणि "बघा मॅडम, परफेक्ट" म्हणाला. काका म्हणाले, सीट इतकी खाली असली की गुडघा प्रत्येक फेरीला जास्त वाकतो, सगळा जोर त्याच्यावर. आणि फ्रेम लांब, म्हणून हॅन्डल गाठायला पाठ ताणायची. दुखणार नाही तर काय? त्यांची परीक्षा सोपी. सायकल धरायला कुणाला तरी सांगायचं, सीटवर बसायचं, पायडल पार खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडासा बाक राहतो. तेवढाच हवा. आणि सायकल पायांत घेऊन जमिनीवर उभं राहिलं, तर दांडी आणि आपण यांत दोन बोटं तरी जागा. ती नसेल तर कितीही सूट असो, दुकानातून बाहेर पडायचं.

सस्पेन्शनबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. स्वस्तातलं असेल तर ते नुसतं वजन. पायाचा अर्धा जोर स्प्रिंगच खाते. खड्ड्याला टायर थोडा रुंद घ्या, हवा बरोबर भरा, पुरे. गेअरला त्यांचा विरोध नव्हता. चढ असेल तर घ्यावेत, नाही तर माणूस उतरून ढकलतो आणि मग सायकलच सोडून देतो. पण मग त्यांनी विचारलं, आणि हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं आहे: "पंक्चर झाली, नाई तं गेअरची तार तुटली, तं ढकलत कुठवर नेशीन?"

मी विचार केला. माझ्या सायकलचं सर्व्हिस सेंटर माझ्या घरापासून ११ किलोमीटरवर होतं. गल्लीच्या तोंडाशी पंक्चरवाला आहे, पण तो डिस्क ब्रेकला हात लावत नाही.

"मंग तुयी सायकल त्याले इचारून घ्या लागत होती," काका म्हणाले.

ॲटलसचंही विचारलं. मामा चहा सांगायला गेला तेव्हा, हळूच. ॲटलस १९५१ साली हरियाणात सोनीपतला सुरू झालेली कंपनी, देशभर घराघरात गेलेली. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता, हा योगायोग कुणी सिनेमात दाखवला तर आपण हसू. सुटे भाग मिळतात का? मिळतात. या साच्याच्या सायकली सगळ्याच कंपन्यांनी केल्या, एकीचं दुसरीला चालतं. पण काकांनी मान हलवली. वीस किलोच्या आसपासचं धूड, सळईचे ब्रेक, पावसात रिम ओली झाली की ते धरायला वेळ लावतात. इथल्या मोकळ्या रस्त्यावर चालतं. "तिकडं पुन्यात सिग्नलले अचानक थांबा लागते ना?" रेट्रोचं माझं स्वप्न चहा यायच्या आत संपलं.

चहाबरोबर आलूबोंडे आले. (पुण्यात याला बटाटेवडा म्हणतात आणि उगाच भाव खातात.) शाळा सुटली होती. मुलींचा एक घोळका सायकलींवरून गेला. दांडी नसलेल्या, खाली वाकलेल्या फ्रेमच्या सायकली, पुढे जाळीची टोपली, मागे दप्तर. एकीने न थांबता, न पाय पसरता, एका पायडलवर उभं राहून सरळ पाय आत घेतला आणि बसली. मी कुर्ता घालून ऑफिसला जाते. तीन वर्षांपूर्वी दुकानात मला 'लेडीज' फ्रेम दाखवली होती, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. म्हणजे कसं, जरा काकूबाई वाटली होती.

रात्री अंगणात बसलो होतो. मी मामाला म्हटलं, तुला अभिमान वाटत असेल ना, ९९ हजार किलोमीटर! तो काहीच बोलला नाही. मामी बोलली. माझ्या मोठ्या मामेबहिणीला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा मामाने सायकल उचलून गोठ्यात नेऊन ठेवली होती आणि शेजाऱ्यांची राजदूत मागून आणून दारात उभी केली होती. तोवर मामाच्या बरोबरीच्या मास्तरांकडे लुना होत्या, एकदोघांकडे स्कूटर. फक्त आमचे गुरुजी सायकलवर.

"शौक म्हनून नाई चालवली," मामा म्हणाला. "लागत होती म्हनून चालवली."

आणि मग मी त्यांना ते सांगितलं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मघाशी तुम्हालाही नाही सांगितलं. चोविसाव्या दिवशी गुडघा दुखला हे खरं. पण तेविसाव्या दिवशी एक मीटिंग होती, दुसऱ्याच एका चकाचक बिल्डिंगमध्ये. मी हेल्मेट घालून, घामाघूम, पाठीला बॅग लावून गेटवर पोचले. सिक्युरिटी गार्डने माझ्याकडे न बघताच हात केला, "डिलिव्हरी मागच्या गेटने." मागे माझ्याच ओळखीचे दोघं कारमधून येत होते. मी काही बोलू शकले असते. कार्ड होतं गळ्यात. मी काही बोलले नाही.

"मंग?" मामाने विचारलं.

"मागच्या गेटने गेले."

मामीने विषय बदलला. मामा बराच वेळ गोठ्याच्या दिशेने बघत होता.

पुण्यात परतल्यावर पहिलं काम केलं ते टॉवेल स्टँड विकण्याचं. इंजिनिअरिंगच्या एका उंच मुलाने सात हजारांत नेला. त्याच्या मापाला तो खरंच परफेक्ट आहे. मग रविवारी कर्वेनगरमधल्याच विक्रम पेंडसे यांच्या सायकल म्युझियममध्ये गेले. २०१७ पासून ते माझ्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे आणि मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, हे टिपिकल. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकल तिथे आहे. प्रत्येक सायकल कुणाच्या तरी कामासाठी केलेली. २०१७च्याच डिसेंबरात पुण्यात ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या रंगीबेरंगी सायकली आल्या होत्या, आठवतात? तेव्हा मी कॉलेजात होते, अर्ध्या तासाची चक्कर मारायला मजा यायची. दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या.

आणि मग, काकांच्या आज्ञेप्रमाणे, मी माझ्या गल्लीच्या पंक्चरवाल्याला विचारायला गेले. कोणती सायकल घेऊ? त्याला आधी वाटलं मी थट्टा करते. मग त्याने स्टूल दिलं. माझा रस्ता विचारला. कर्वे रस्ता, डेक्कन, जंगली महाराज रस्ता. जवळपास सपाट, नळस्टॉपला उड्डाणपुलावर न चढता खालून जायचं. "गेअर कशाला मग?" टायर मध्यम रुंदीचे. साधे रबराचे ब्रेक, कुठेही बदलून मिळतात. मडगार्ड पूर्ण, नाही तर जुलैमध्ये पाठीवर चिखलाची रेघ. चेनकव्हर पूर्ण. कॅरिअर हवंच, लॅपटॉप पाठीवर नको, घाम तिथेच येतो.

दुकानात या वेळी मी वेगळीच वागले. टाच ठेवून पाहिली. पुढचं चाक चार इंच उचलून सोडलं आणि खडखड ऐकली. चाक फिरवून ब्रेकच्या रबरापाशी डोळा नेला, चाक डुलतंय का पाहिलं. पायडलचा दांडा आडवा हलवून बघितला. सेल्समन म्हणाला, "मॅडम, तुम्ही मेकॅनिक आहात का?" पहिली सायकल नाकारली, कारण मागच्या चाकाला आउट होता. दुसरी घेतली. स्टीलची, दांडी नसलेली, एकही गेअर नसलेली, गडद निळी. साडेआठ हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, त्यामुळे थोडे वाचले. ते आणि वर आणखी दीड हजार कुलूप, कॅरिअर आणि मागच्या लाल दिव्यात गेले. कुलुपावर कंजुषी करू नका. सायकल घरी आणण्याआधी पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने सगळे नट एकदा आवळले आणि पैसे घेतले नाहीत.

डिसेंबरात त्याच चकाचक बिल्डिंगमध्ये पुन्हा मीटिंग लागली. गेटवर तोच गार्ड होता की दुसरा, खरंच सांगता येणार नाही. हात मात्र तसाच वर आला. या वेळी मी थांबले, एक पाय खाली टेकला (टेकतो आता), हेल्मेट काढलं आणि म्हटलं, "दादा, चौथ्या मजल्यावर मीटिंग आहे माझी. सायकल कुठे लावू?"

तो गडबडला. पुढच्या पार्किंगच्या पट्ट्यांकडे बघितलं, सगळे चारचाकींचे. "इथे सायकलला जागाच नाहीये मॅडम," तो म्हणाला, आणि मग जरा आवाज उतरवून, "मागे शेड आहे. माझी पण तिथेच असते. ऊन लागत नाही."

मी चालवत मागे गेले. शेडमध्ये चार सायकली होत्या. दोन काळ्या २२ इंची, एक मुलांची असावी अशी छोटी, एक माझ्यासारखीच दांडी नसलेली. माझी पाचवी लावली, कुलूप घातलं आणि चालत पुढच्या गेटने आत गेले.

मामाचा फोन दर रविवारी येतो. तब्येत वगैरे नंतर. पहिला प्रश्न, "हवा भरली का?"